कळलावीचा कंद उकळून पिऊ नका

सध्या एक मेसेज फिरतोय. वर कळलावीच्या फुलाचा फोटो आणि खाली: ‘नामशेष होत चाललेली दिव्य वेल. कंदाचा काढा सांधेदुखीवर, लेप बाळंतपणात, सर्पदंशावरही गुणकारी. नैसर्गिक, त्यामुळे अपाय नाही. डोंगरावर दिसली की आणून ठेवा.’ श्रावणात पन्हाळा-गगनबावड्याच्या वाटेवर ही वेल जाळीवर चढलेली दिसते, म्हणून कोल्हापूरकरांनी हे वाचाच.

सांधेदुखीचं आधी, कारण त्यात थोडं खरं आहे आणि तेच घात करणारं आहे. कळलावीत कोल्चिसिन असतं. अंगठा टम्म सुजतो त्या गाऊटवर डॉक्टर हेच देतात, पण गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. कंदात ते किती, हे कंदागणिक बदलतं आणि उकळून ते जात नाही. झिजलेल्या गुडघ्याला तर त्याचा फारसा उपयोगच नाही. कोल्चिसिन पेशींचं विभाजन रोखतं, त्यामुळे पहिला मार आतड्यांना, मग अस्थिमज्जेला. काही तासांत उलट्या-जुलाब लागतात. घरच्यांना वाटतं, जेवण बाधलं. मग रक्तातल्या पेशी घसरतात, मूत्रपिंड आणि हृदय बिघडतं. त्यातून वाचलेल्यांचे केस झडतात. यावर हमखास उतारा दवाखान्यातही नाही.

‘पण आयुर्वेदात आहे की!’ आहे, लांगली या नावानं, उपविषांच्या यादीत. गोमूत्रात शोधन, म्हणजे विष कमी करायची शुद्धी, केल्याशिवाय ती वापरायची नाही, असं तिथंच सांगितलंय. मेसेजमधून नेमकं तेवढंच गळालंय.

नाभीला, तळपायाला कंद उगाळून लावायची जुन्या सुईणींची रीत होती, हे खरं. त्यानं बाळंतपण सुखरूप होतं याला भरवशाचा पुरावा नाही. कळा अडल्या तर १०८ लावा. साप चावला तर सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय गाठा, लेपाबिपात वेळ घालवू नका.

राहिलं ‘नामशेष’. वेल आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेली आहे, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तर तण म्हणून डोकेदुखी झालीय. तमिळनाडूचं ते राज्यफूल, तिथं बियांसाठी शेती होते. भारतात रानातली कळलावी कमी झाली ती मुख्यतः कंद खणून नेल्यानं. आणि मेसेजवाले एका दमात सांगतात, संपत आलीय, आणून ठेवा!

फुलं झडली की खणलेला कंद रताळ्या-कोनफळासारखा वाटू शकतो, त्यातूनही विषबाधा झाल्यात. फूल आवडत असेल तर बी रुजवा, फुलायला काही वर्षं लागतील. पोरं आणि गुरं पोचणार नाहीत अशा जागी लावा.