दहा हजार तासांचं बिल एरिक्सन यांच्या नावावर फाडू नका

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की दादर-माहीमकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदाही फिरला. मजकूर साधारण असा: 'मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी सिद्ध केलंय की कोणत्याही क्षेत्रात १०,००० तास सराव केला की माणूस जागतिक दर्जाचा होतो. उपजत गुण वगैरे थोतांड आहे. रोज तीन तास, दहा वर्षं. शिवाजी पार्कवर सचिनने हेच केलं. तुमच्या मुलाचे किती तास झाले?' खाली हात जोडलेले, आणि बरेचदा एखाद्या क्लासचा नंबर.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे 'हे खरं का हो मॅडम?' अशा प्रश्नासकट हा मेसेज माझ्याकडे येतोच. यातला गुणाकार बरोबर आहे. रोज तीन तास धरले तर दहा वर्षांत १०,९५० तास होतात. बाकीचं एकेक करून बघू.

आधी ते 'सिद्ध केलंय'. ज्या निबंधाचा आधार घेतला जातो तो १९९३ सालचा, एरिक्सन, क्राम्पे आणि टेश-र्‍योमर या तिघांचा. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी त्यांनी घेतले. प्राध्यापकांच्या मते सर्वोत्तम असे १०, चांगले असे १० आणि संगीतशिक्षक होण्याचा अभ्यासक्रम करणारे १०. त्यांना विचारलं, लहानपणापासून एकट्याने किती रियाज केलात? वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतची सरासरी आली अनुक्रमे ७,४१०, ५,३०१ आणि ३,४२० तास. विसाव्या वर्षापर्यंत पहिल्या गटाची सरासरी दहा हजारांच्या पुढे गेली. तो प्रसिद्ध आकडा इथून उचललाय.

म्हणजे ती दहा मुलांची सरासरी आहे, तीही त्यांनी आठवून सांगितलेल्या तासांची. त्या गटातल्या निम्म्या जणांचे विसाव्या वर्षी दहा हजार झालेही नव्हते, असं खुद्द एरिक्सन यांनी नंतर लिहिलंय. शिवाय ही मुलं त्या वयात होतकरू होती, उस्ताद नव्हती. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पियानोवादक तिशीच्या आसपास जिंकतात आणि तोवर त्यांचे वीस-पंचवीस हजार तास झालेले असतात, हेही त्यांनीच नोंदवलंय. दहा हजारावर काही दार उघडतं असं त्या निबंधात कुठेच नाही. आकड्याचा 'नियम' झाला तो माल्कम ग्लॅडवेल या पत्रकाराच्या २००८ च्या 'आउटलायर्स' या पुस्तकामुळे. नुसता सराव पुरेसा असतो असं आपलं म्हणणं नव्हतं, असं पुढे ग्लॅडवेल यांनीही सांगितलं. पण तोवर गाडी सुटली होती. २०१२ मध्ये एरिक्सन यांनी या विपर्यासाबद्दल एक खरमरीत टिपण लिहिलं. ते अर्थातच कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आता 'सराव' म्हणजे काय, हा खरा मुद्दा. कल्याणहून सीएसएमटीला रोज येऊन-जाऊन तीन तास लोकलमध्ये काढणाऱ्याचे अकरा-बारा वर्षांत दहा हजार तास सहज भरतात. त्यातून कुणी मोटरमन झाल्याचं ऐकिवात नाही. एरिक्सन ज्याला सराव म्हणत होते त्याच्या अटी कडक आहेत. जाणत्या शिक्षकाने या विद्यार्थ्याची नेमकी कच्ची बाजू हेरून काम नेमून द्यायचं. ते आज जमतं त्याच्या जरा पुढचं हवं. चुकलं की लगेच कळायला हवं आणि लगेच पुन्हा करायला हवं. आणि हे बहुधा आनंददायक नसतं, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या नेट्समागे उभं राहून हा फरक बघता येतो. एका नेटवर वीसेक पोरं. पॅड बांधून अर्धा-पाऊण तास बसल्यावर एकाची पाळी येते, मिळतात पाच-सहा मिनिटं. बॅट गलीतून येतेय, ड्राइव्हला डोकं ऑफला पडतंय, चेंडू कडेला लागून जाळीत जातोय. पुढचा चेंडू, पुन्हा तेच. सर बाकावर बसून कुणाच्या तरी पप्पांशी फीबद्दल बोलताहेत. त्याच्या वहीत मात्र तीन तास जमा. शेजारच्या नेटवर एक वयस्कर सर अर्ध्या पिचवरून थ्रो-डाउन देताहेत, त्याच टप्प्यावर, एकाच पोराला. 'डोकं पडतंय.' पुढचा चेंडू. 'अजून पडतंय, खांदा चेंडूकडे ने.' पुढचा. वीस मिनिटांत पोरगा घामाघूम आणि वैतागलेला, पण डोकं जागेवर. एरिक्सन यांच्या हिशेबात ही वीस मिनिटं धरली जातील. पलीकडचे तीन तास नाहीत.

सचिनचं उदाहरण मेसेजवाल्यांना वाटतं तितकं सोयीचं नाही. आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण सामना खेळणं म्हणजे सराव नव्हे, हा एरिक्सन यांचा ग्लॅडवेल यांच्यावरचा एक मोठा आक्षेप होता. बीटल्स या बँडने हॅम्बुर्गच्या क्लबांत तासन्‌तास कार्यक्रम केले, ते ग्लॅडवेल यांनी दहा हजारात धरले. एरिक्सन म्हणाले, ते सादरीकरण झालं. एरिक्सन यांच्या व्याख्येत बसते ती दुसरी गोष्ट: दिवसभर खेळून अंग गळालेलं असताना शेवटी सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. जो सचिनला बाद करेल त्याला ते नाणं, नाबाद राहिला तर सचिनला. दमलेलं असताना एकाग्रता टिकवणं, एवढंच काम, आणि चुकल्याचा निकाल त्याच क्षणी. त्यातली तेरा नाणी सचिनने जपून ठेवलीत. तास किती झाले ते त्याने सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

'तुमच्या मुलाचे किती तास झाले?' या प्रश्नावर मला राग येतो. १९९३ च्या त्याच निबंधातले रियाजाचे आणि झोपेचे आकडे बघा. वरच्या दोन्ही गटांतली मुलं आठवड्याला सरासरी २४ तासांच्या आसपास एकट्याने रियाज करत, म्हणजे दिवसाला साडेतीन. तोही तुकड्या-तुकड्यांत, मध्ये विश्रांती घेऊन. सर्वोत्तम गट दुपारची डुलकी धरून दिवसाला सरासरी ८.६ तास झोपत होता, शिक्षक होऊ पाहणारा गट ७.८ तास. पूर्ण एकाग्रतेने केलेल्या कामाला रोजची मर्यादा असते आणि ती ओलांडली की माणूस थकून सोडून देतो, हा त्या निबंधातला मध्यवर्ती विचार होता. इकडे सकाळी साडेपाचचं नेट, मग शाळा, मग क्लास, मग पुन्हा मैदान, आणि परतीच्या गाडीत किटबॅगवर डोकं टेकून पेंगणारं पोर. याला एरिक्सन यांचा दाखला देणं म्हणजे कमाल झाली.

'उपजत गुण थोतांड' यावर मात्र मी एरिक्सन यांचीही बाजू घेणार नाही. उंची आणि शरीराचा आकार सोडला तर उपजत मर्यादांचा ठोस पुरावा नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती मला टोकाची वाटते. २०१४ मध्ये स्वीडनच्या दहा हजारांवर जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त रियाज केला असला तरी सूर-ताल ओळखण्याच्या चाचणीत दोघांत फरक दिसला नाही. वर रियाज करण्याची ओढसुद्धा बरीचशी आनुवंशिक निघाली. ही चाचणी कानाची होती, वाजवण्याची नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी 'काहीच नसतं' म्हणण्याइतकी मोकळीक हा पुरावा देत नाही.

'कोणत्याही क्षेत्रात'? २०१४ मध्येच मॅक्नामारा, हॅम्ब्रिक आणि ओसवाल्ड यांनी ८८ अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसामाणसांतल्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला किती हिस्सा सरावातल्या फरकाशी जुळतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात ४, नोकरी-व्यवसायांत १ टक्क्याहूनही कमी. बुद्धिबळाचंच बघा. गोबे आणि कॅम्पितेली यांनी अर्जेंटिनात केलेल्या पाहणीत एक जण ३,०१६ तासांत मास्टर झाला, दुसऱ्याला २३,६०८ लागले. एंट्रन्सच्या क्लासची जाहिरात करणाऱ्यांनी शिक्षणातला तो ४ टक्क्यांचा आकडा फलकावर लावून बघावा.

गंमत म्हणजे एरिक्सन यांना नाव मिळालं तो प्रयोग जेमतेम २३० तासांचा होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस यांच्यासोबत त्यांनी स्टीव्ह फलून या विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने आकडे वाचून दाखवले. सुरुवातीला त्याला सातेक आठवायचे. वीस महिन्यांनी जवळपास ८० आठवायला लागले. तो धावपटू होता. ३४९२ ऐकलं की तो ते '३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाची जवळपास विक्रमी वेळ' असं लावून ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली. गाडी पुन्हा सहावर. कमावलं ते आकड्यांपुरतंच. १९८० सालच्या या निबंधानंतर 'स्मरणशक्ती वाढवा' म्हणणाऱ्या प्रत्येक जाहिरातीला हा एक प्रश्न विचारता येतो: अक्षरांचं काय?

हल्ली उलटा मेसेजही येतो: 'एरिक्सन खोटे ठरले!' तोही तितकाच घाईचा. २०१९ मध्ये मॅक्नामारा आणि मैत्र यांनी व्हायोलिनचा अभ्यास ३९ वादकांवर पुन्हा केला. मुलाखत घेणाऱ्यालाही कोण कुठल्या गटातला ते ठाऊक नव्हतं. सर्वोत्तम आणि चांगले यांच्या तासांत फरक आढळला नाही, दोघांचे अकरा हजारांच्या आसपास. तिसऱ्या गटाचे मात्र सहा हजारांच्या घरात. मूळ अभ्यासात फरकाचा ४८ टक्के हिस्सा सरावाशी जुळत होता, इथे २६ टक्के. निम्म्यावर आला, शून्यावर नाही. या टीकाकारांनी वाटेल तो सराव एकत्र मोजलाय, असं एरिक्सन म्हणत. पण शिक्षकाने आखून दिलेलाच सराव धरायचा की एकट्याने केलेला कुठलाही, ही त्यांची स्वतःची व्याख्या एका निबंधातून दुसऱ्यात सरकत गेली, हा टीकाकारांचा आक्षेप मला पटतो. २०२० मध्ये ते गेले. वाद चालूच आहे.

आणि त्यांचा प्रभाव या एका वादापुरता मोजायचं कारण नाही. २००४ मध्ये वैद्यकीय शिक्षणावर त्यांनी लिहिलेला लेख शिकाऊ डॉक्टरांना पुतळ्यांवर सराव देऊन तिथल्या तिथे चुका दाखवण्याच्या पद्धतीचा आधार म्हणून सतत उद्धृत होतो. त्याहून जुनं काम १९८४ चं, हर्बर्ट सायमन यांच्याबरोबरचं. प्रश्न सोडवत असताना माणसाला मनातलं मोठ्याने बोलायला लावलं, तर त्या बोलण्याकडे पुरावा म्हणून कधी आणि कसं बघायचं, हे त्यांनी त्यात नीट मांडलं. पवई-अंधेरीच्या ऑफिसांत नवं ॲप एखाद्याच्या हातात देऊन 'वापरता वापरता मनात येईल ते बोलत राहा' असं सांगतात, त्यामागे हे काम आहे. त्यात लक्षात राहील असा गोल आकडा नाही, त्यामुळे त्यावर अजून एकही फॉरवर्ड आलेला नाही.