ती मतदारासमोर उभी राहिली, हेच मला मोलाचं वाटतं

नमस्कार काणकोणकर भाऊ,

तुम्ही नाव न देता 'काणकोणचा एक मतदार' एवढीच सही केलीत, म्हणून असं म्हणते. गोव्यातल्या धेंपे उद्योगसमूहाच्या पल्लवी धेंपे २०२४ ला दक्षिण गोव्यातून भाजपच्या तिकिटावर लोकसभेला उभ्या राहिल्या, त्या उमेदवारीवरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तेराशे कोटींच्या घरातल्या बाईला आमच्या नळाला पाणी कधी येतं ते काय कळणार? वीस वर्षं पक्षाचे झेंडे लावणारा कार्यकर्ता बाजूला राहतो आणि तिकीट उद्योगपतीच्या बायकोला मिळतं. देशसेवाच करायची तर उद्योजिका अनु आगा, सुधा मूर्ती यांच्यासारखं राज्यसभेत जावं, दक्षिण गोव्याची जागा कशाला अडवावी? शिवाय एक महत्त्वाची गोष्ट मी लेखातून गाळली, असंही तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी एक थेट प्रश्न विचारलात. त्याचं उत्तर शेवटीच देते.

आधी गाळलेल्या गोष्टीबद्दल, कारण तिथे चूक माझी आहे. 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' ही दोन्ही दैनिकं धेंपे समूहाची. ज्या घराकडे एक इंग्रजी आणि एक मराठी वर्तमानपत्र आहे, त्या घरातलं माणूस निवडणुकीला उभं राहतं तेव्हा ही माहिती पहिल्या परिच्छेदात यायला हवी. मी त्यांचं शिक्षण लिहिलं, समूहाचा फुटबॉल क्लब लिहिला आणि हे राहून गेलं. मुद्दाम नाही केलं, पण वाचणाऱ्याला मनातलं कसं दिसणार? लेखात आता ती ओळ घातली आहे. तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

आता पैशाचं. सुमारे १,३६१ कोटी हा पती-पत्नींच्या मालमत्तेचा एकत्रित आकडा, त्यातला मोठा वाटा पतींच्या नावावरचा. तुम्ही तो तोंडपाठ असल्यासारखा लिहिलात. तो तुमच्यापर्यंत आला कसा, याचा विचार करा. उमेदवारी अर्जासोबत फॉर्म २६ चं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात स्वतःची आणि जोडीदाराची मालमत्ता, कर्जं, खटले सगळं लिहावं लागतं, आणि ते कुणालाही वाचता येतं. गोव्यात पैसेवाल्यांनी राजकारण चालवणं नवं नाही. पण बहुतेकदा ते पडद्यामागून चालतं, उमेदवार दुसराच असतो आणि खर्च कुणाचा ते फक्त कुजबुजीतून कळतं. इथे पैसा स्वतःच्या नावाने अर्ज भरून समोर आला. मला हे जास्त स्वच्छ वाटतं. तो खाणीतून आला, हेही तुमचं खरं. धेंप्यांनी खाण व्यवसाय २००९ साली सेसा गोवाला सुमारे १,७५० कोटींना विकला. विकला म्हणून मागचं पुसलं जात नाही. आमच्या सावर्डे-कुडचड्याच्या खाणपट्ट्यातल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको, आमच्या शेतांत उतरलेली लाल माती अजून तिथेच आहे.

कार्यकर्त्याच्या मुद्द्यावर मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. प्रदेश भाजपकडून नरेंद्र सावईकर, बाबू कवळेकर, दामू नाईक अशी नावं चर्चेत होती. दिल्लीला महिला उमेदवार हवी होती आणि २४ मार्च २०२४ च्या यादीत पल्लवीताईंचं नाव आलं. मतदान ७ मे रोजी. म्हणजे जेमतेम ४४ दिवस. वीस विधानसभा मतदारसंघ, इकडे काणकोण, तिकडे वास्को, वर फोंडा. एवढ्या दिवसांत उमेदवाराला लोकांची ओळख होत नाही, लोकांना उमेदवाराचा चेहरा तेवढा ओळखीचा होतो. बाईला उमेदवारी द्यायची तर दोन वर्षं आधी कामाला लावायला हवं होतं, हा दोष पक्षाचा. पण जागा अडवली म्हणता तेव्हा एवढं लक्षात घ्या: गोव्यातून लोकसभेत आजवर एकच बाई गेली, १९८० साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या संयोगिता राणे, त्याही पणजीतून. आपल्या दक्षिणेतून एकही नाही. भाजपने तर गोव्यात लोकसभेसाठी महिला उमेदवार दिली ती हीच पहिली. जागा अडली असलीच तर ती आजवर कुणासाठी अडली, तेही बघा.

'उद्योगपतीची बायको' हे शब्द मात्र मला लागले, आणि ते का लागले ते सांगते.

माझी काजू फोडण्याची छोटी युनिट आहे. बिया भाजणं, फोडणं, गर सोलणं, प्रतवारी, सगळं मिळून चौदा बायका. पहिल्या कर्जासाठी बँकेत गेले तेव्हा साहेबांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "मिस्टर कुठे आहेत?" हिशेब माझ्या हातचा, जागा माझ्या नावावर, तरी मिस्टर. काही वर्षांनी पंचायतीला उभी राहिले. आमच्या वाड्यावर एका म्हाताऱ्या मावशींच्या दारात गेले, हातातलं पत्रक त्यांनी घेतलं नाही, आधी चष्मा पुसला आणि विचारलं, "तूं कोणागेली गो?" मी माझं काम सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. आधी घर सांग. सासऱ्यांचं नाव सांगितल्यावरच मला ओट्यावर बसायला मिळालं.

त्या मावशींचा मला राग नाही. आपल्याकडे माणूस असाच ओळखतात. पण पुरुष उमेदवाराच्या बाबतीत 'कोणाचा' हे विचारून लोक पुढे जातात, बाईच्या बाबतीत तिथेच थांबतात. उद्योगपतीचा मुलगा निवडणुकीला उभा राहिला तर आपण त्याला वारसदार म्हणतो, सून उभी राहिली की ती बायको. पल्लवीताई समूहात कार्यकारी संचालक होत्या, माध्यमं आणि बांधकाम व्यवसायाकडे त्या बघत होत्या. त्यांनी ते काम कसं केलं यावर टीका जरूर करा, आकडे काढा, प्रश्न विचारा. पण टीका त्यांच्या कामावर करा.

आता राज्यसभेचं. इथे माझं तुमच्याशी सरळ मतभेद आहे.

अनु आगा यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९६ साली पती रोहिंटन गेले आणि पुण्याच्या थरमॅक्स कंपनीची सूत्रं त्यांच्याकडे आली. वर्ष-सव्वा वर्षात तरुण मुलगा अपघातात गेला. त्यानंतर धंदा उतरणीला लागला, शेअरचा भाव चारशेच्या घरातून छत्तीस रुपयांपर्यंत आला. तेव्हा एका भागधारकाचं निनावी पत्र आलं, तुम्ही आमचा विश्वासघात केलात अशा अर्थाचं. पत्राने त्यांची झोप उडाली, असं त्यांनीच सांगितलं आहे. मग बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ बदललं, काही धंदे बंद केले आणि कंपनी सावरली. २००४ साली मुलीच्या हाती कारभार देऊन त्या बाजूला झाल्या. २०१२ ते २०१८ त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत होत्या, सुधा मूर्तींची नियुक्ती २०२४ च्या ८ मार्चला झाली. म्हणजे पल्लवीताईंचं नाव यायच्या सोळाच दिवस आधी.

या दोघींच्या योग्यतेबद्दल शंका नाही. पण ज्या पत्राने आगाबाईंची झोप उडवली ते भागधारकाचं होतं, आणि त्याचे पैसे कंपनीत होते म्हणून त्याला ते लिहायचा अधिकार होता. नियुक्त खासदाराला असं पत्र कोण लिहिणार? तिला कुणी निवडलेलं नाही, म्हणून कुणी पाडूही शकत नाही. तिला उमेदवारी अर्ज भरायचा नसतो, दारोदार जायचं नसतं, सासष्टीतल्या एखाद्या चर्चसमोर उभं राहून गोव्यातून होणाऱ्या कोळसा वाहतुकीबद्दल उत्तर द्यायचं नसतं. विद्वान, कलावंत यांच्यासाठी ती सोय ठीक आहे. उद्योजिकेला राजकारण करायचं असेल तर तिने मतदारासमोरच यायला हवं.

कारण धंद्यात जे शिकता येत नाही ते तिथेच शिकायला मिळतं. माझंच बघा. एखादं गिऱ्हाईक उधारी थकवायला लागलं, भावावरून रोज घासाघीस करायला लागलं, की मी त्याला माल देणं बंद करते. दुसरं शोधते. शनिवारी पगार माझ्या हातून जातो, म्हणून सोमवारी माझा शब्द चालतो. वाड्यावर मत मागायला गेले तेव्हा यातलं काहीच चाललं नाही. जो मला मत देणार नाही हे मला ठाऊक होतं, त्याच्या दारातल्या गटारावरही माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. गिऱ्हाईक निवडता येतं, मतदार निवडता येत नाही. ती निवडणूक मी सतरा मतांनी हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी, युनिटचं शटर अर्धं वर केलेलं असताना, त्याच मावशी नळाची तक्रार घेऊन आल्या. मी निवडून आले नाही हे त्यांना सांगितलं. "म्हणून किदें जालें," म्हणाल्या, आणि पाण्याची बिलं माझ्या हातात ठेवली.

पल्लवीताई १३,५३५ मतांनी हरल्या. त्यांना २,०४,३०१ मतं पडली, काँग्रेसच्या कॅप्टन विरियातो फर्नांडिस यांना २,१७,८३६. पंतप्रधानांची सांकवाळला सभा झाली होती, यंत्रणा होती, पैसा होता. तरीही सासष्टीने विरियातोंना जी आघाडी दिली ती बाकीच्या तालुक्यांना भरून काढता आली नाही. तुम्ही म्हणता तसं तिकीट पैशाने मिळालं असेल किंवा नसेल, जागा तर पैशाने मिळाली नाही ना? तेराशे कोटींचं घर आणि तुमचं घर त्या दिवशी एकेका मतापुरतंच मोजलं गेलं. आणि विरियातोंकडेही बघा. नौदलातला माणूस, कारगिल युद्धाच्या वेळी सेवेत असलेला, कोळसा आणि रेल्वे दुपदरीकरणाच्या विरोधात रस्त्यावर उतरलेला, २०२२ ला दाबोळीत विधानसभेला हरलेला. हरल्यावर तो घरी बसला नाही. पल्लवीताईंकडून माझी अपेक्षा हीच आहे, आणि त्या कसोटीवर मी त्यांना मोजणार. हरल्यावर सांग्यात, केप्यात, नुव्यात त्या किती वेळा गेल्या, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: 'एवढं कौतुक आहे तर मत दिलंत का?'

नाही दिलं.

आमची युनिट रेल्वेच्या रुळापासून लांब नाही. मुरगाव बंदरातून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा याच रुळावरून जातो. एप्रिलमध्ये बिया उन्हात वाळत घालतो, संध्याकाळी त्या गोळा करताना बायकांचे तळहात काळे होतात. धुतलं की पाणी काळं येतं. या रेल्वेच्या दुपदरीकरणाच्या बाजूने पल्लवीताईंच्या पक्षाची जी भूमिका आहे, ती घेऊन त्या माझ्या दारात आल्या असत्या तरी मी त्यांना बसायला खुर्ची दिली असती, चहा दिला असता, एक बी उचलून हातावर ठेवली असती आणि मत नाही म्हणून सांगितलं असतं.