ती तीट होती, डाग नव्हता

आज दुपारी स्टुडिओचा अल्बम आला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. घोडबंदर रोडवरचा स्टुडिओ, नाव घेत नाही. लेक वर्षाची होणार म्हणून सासऱ्यांनी हौसेने पॅकेज घेतलेलं. टोपलीतली लेक, भोपळ्याला टेकलेली लेक, कापसाच्या ढगावर झोपलेली लेक. आणि एकाही फोटोत तीट नाही! शूटच्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने लावली होती. कपाळावर एक, गालावर एक, चांगली ठसठशीत. फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "सर, तो स्पॉट ना? तो आम्ही फ्रीमध्ये रिमूव्ह केला."

फ्रीमध्ये. उपकारच की.

फोटो देखणे आलेत, हे मान्य. उजेड छान पडलाय. पण ही गोरीगुळगुळीत बाई कोण? आमची लेक टोपलीत चार सेकंदही बसत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला जे आले होते त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पाचपाखाडीच्या आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये मी तिचं चित्रप्रदर्शन भरवलं होतं. सुतळी, कपड्यांचे चिमटे, मोबाइलमधले बावीस फोटो आणि प्रत्येकाखाली कार्डावर नाव, माध्यम, भाष्य. पहिलंच चित्र: 'शीर्षकहीन. वरण, भात, तूप, सतरंजी.' भाष्य: 'जॅक्सन पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून वरून रंग ओघळवत असे. प्रस्तुत कलावती त्यापुढे जाऊन स्वतः कॅनव्हासवर बसते.' दुसरं बाबांनी काढलेलं. पाऊण फ्रेम त्यांचा अंगठा, कोपऱ्यात लेकीचा कान. 'निर्मितीत निर्मात्याचा हस्तक्षेप.' बाबा प्रत्येकाला ओढून नेऊन तेच दाखवत होते.

एका नातेवाइकाने नाक मुरडलं, "हा काय पोरकटपणा?" पोरीचाच वाढदिवस होता हो! बाकी मंडळींचं काय झालं सांगू? पहिली दोन कार्डं हसत वाचली आणि तिसऱ्यापासून एकेकाचे हात आपोआप पाठीमागे गेले. कापूरबावडीच्या कलाभवनात चालतात तशी मंडळी सोफ्याला वळसा घालून हळूहळू चालायला लागली. शेजारचे काका तर चष्मा कपाळावर चढवून केळ्यासमोर पाच मिनिटं उभे.

केळं म्हणजे आमचा मास्टरपीस. लेकीने वेलची केळं मुठीत चिरडून भिंतीला फासलं, तो क्षण. मॉरिझिओ कातेलान नावाच्या इटालियन माणसाने 2019 मध्ये मायामीत एक केळं चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलं. 2024 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ते 62 लाख डॉलरला गेलं. हे सगळं कार्डावर लिहिलं होतं, आणि खाली: 'आमच्या कलावतीला चिकटपट्टी लागली नाही.' काकांनी शेवटी विचारलं, "अरे, डाग निघाला का?" नाही निघाला. सोफा सरकवलाय.

थट्टा होती, कबूल. पण निम्मीच. राजा रविवर्म्याने 1893 मध्ये एक चित्र काढलं. कडेवर मूल घेतलेली आई येणाऱ्या बापाकडे बोट दाखवतेय. ती आई म्हणजे त्याची स्वतःची लेक महाप्रभा आणि कडेवर नातू. म्हणजे काय, घरचाच फोटो! त्याला कोणी विचारलं नाही, किती कौतुक नातवाचं म्हणून. मी स्टेटसला तीन फोटो ठेवले की मात्र तुम्हा लोकांना म्यूट सापडतं.

असो. तुमच्यावर कशाला चिडू. स्टुडिओतल्या त्या मुलावरही आता तेवढा राग नाही. त्याला कपाळावर काळं दिसलं, त्याने पुसलं. त्याला दिवसाला अशी किती कपाळं साफ करावी लागत असतील.

हे टाइप करत होतो तोवर आईला अल्बम सापडला. मला वाटलं, आता रामायण. ती काहीच बोलली नाही. पानं उलटली, चष्मा पुसला, परत उलटली. मग आत जाऊन काजळाची डबी घेऊन आली आणि करंगळीने टोपलीतल्या लेकीला तीट लावली. चकचकीत लॅमिनेशन, काजळ धरेना, ओघळून भुवईपर्यंत आलं. तिने पदराने पुसलं, परत लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा तो काळा मार्कर कुठंय रे?"

चौदा पानांवर तीट लावून झालीय. आता ढगावर झोपलेली बाकी आहे. मी कार्ड लिहायला बसलोय: 'मिश्र माध्यम. मार्कर, लॅमिनेशन, आजी.'