नाव जुळले म्हणून पूर्वज सापडत नाही

अमेरिकेतील जर्मन वंशाच्या कुटुंबांत एक मजकूर कित्येक वर्षांपासून फिरत आहे. माझ्या जावयाचे घराणे पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीचे असल्याने तो आमच्याही घरी पोहोचला, आणि मला कुलवृत्तांतांचा जुना नाद असल्याने मुलीने तो माझ्यापुढे ठेवला. त्या मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे: अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी आलेला प्रत्येक जर्मन फिलाडेल्फियात उतरला आणि तेथील जहाजयादीत त्याचे नाव आहे, यादीत नाव मिळाले की पूर्वज मिळाला, आडनाव निराळे दिसत असेल तर ते बंदरावरील इंग्रज कारकुनाने बदललेले असते, यादीत ‘पॅलाटाइन’ लिहिले असेल तर मूळ गाव पॅलाटिनेट या ऱ्हाईनकाठच्या जर्मन प्रदेशात आणि घरात ‘डच’ म्हणत असतील तर हॉलंडमध्ये शोधावे, आणि त्याच्या मागे जाण्याचा प्रयत्न करू नये, कारण जर्मनीतील चर्चची दफ्तरे लढायांत जळून गेली. या विधानांत थोडथोडे सत्य आहे, म्हणूनच ती इतकी टिकली आहेत. परंतु त्यांच्या आधारे बांधलेली वंशावळ बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी घराण्याची निघते.

पहिले विधान जहाजयाद्यांचे. या याद्या सुरू झाल्या त्या 1727 मध्ये, आणि जर्मन लोक त्याआधी 44 वर्षांपासून येत होते. क्रेफेल्डहून निघालेली 13 कुटुंबे ‘कॉन्कॉर्ड’ जहाजाने ऑक्टोबर 1683 मध्ये पोहोचली आणि फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियसच्या पुढाकाराने फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसले. त्यांची नावे 1727 नंतरच्या याद्यांत शोधणे व्यर्थ आहे. 1710 मध्ये गव्हर्नर रॉबर्ट हंटर याच्याबरोबर इंग्लंडहून निघालेले तीन हजारांच्या आसपास जर्मन फिलाडेल्फियात नव्हे, न्यूयॉर्कला उतरले, आणि त्यांचा माग लागतो तो हंटरच्या शिधावाटपाच्या हिशेबवहीत. त्या वहीत कुटुंबप्रमुखाचे नाव आणि त्याच्याकडे किती मोठी व किती लहान माणसे होती, एवढेच आहे. तरीही एखाद्या घरातील आकडा पुढच्या हिशेबात एकाने कमी झालेला दिसला, की तेथे एक मृत्यू झाला असावा हे कोणी न सांगता कळते. याखेरीज 1714 मध्ये व्हर्जिनियातील जर्मॅना येथे आलेले खाणकामगार, 1734 मध्ये जॉर्जियात आलेले साल्झबुर्गचे प्रॉटेस्टंट, मेरीलँड व दक्षिण कॅरोलायनाच्या बंदरांत उतरलेले लोक, यांपैकी कोणीही फिलाडेल्फियाच्या यादीत सापडणार नाही.

जे 1727 नंतर फिलाडेल्फियात आले त्यांचीही यादी पूर्ण नाही. याद्यांचा हेतू वंशावळीची सोय करणे हा नव्हता. परक्यांची एवढी गर्दी पाहून वसाहतीचे कौन्सिल धास्तावले होते आणि त्याला राजनिष्ठेची हमी हवी होती. त्यामुळे शपथ घेण्याजोगे, म्हणजे 16 वर्षांवरील पुरुष तेवढे महत्त्वाचे ठरले. बायका आणि मुले काही मोजक्या याद्यांत आहेत, एरवी नाहीत. मुलांना घेऊन आलेली विधवा या कागदांत जवळजवळ अदृश्य आहे. तिचा शोध घ्यायचा असेल तर प्रवासभाडे फेडण्यासाठी केलेल्या चाकरीच्या करारांकडे वळावे लागते. 1771 ते 1773 या वर्षांची अशी एक नोंदवही शिल्लक असून तीत स्त्रियांची आणि मुलांची नावे मुदतीसह दिलेली आहेत. एक चुटपूट मात्र कायमची राहते. कौन्सिलने सप्टेंबर 1727 मध्ये दिलेल्या हुकमात प्रत्येकाचे नाव, व्यवसाय आणि तो कोठून आला ते ठिकाण लिहून घेण्यास सांगितले होते. तो हुकूम नीट पाळला गेला असता तर आजच्या संशोधकांचे अर्धे आयुष्य वाचले असते; कप्तानांनी बहुतेक वेळा नावांवरच काम भागवले.

दुसरे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. एकाच जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असू शकतात: कप्तानाने दिलेली, राजनिष्ठेच्या शपथेची, आणि 1729 पासून ब्रिटिश गादीवरील पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याच्या वारसांचा दावा नाकारणाऱ्या दुसऱ्या शपथेची. कप्तानाची यादी इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली असते. शपथेच्या दोन्ही याद्यांत मात्र उतारूंनी स्वतः सह्या केलेल्या आहेत. 1934 मध्ये या याद्या तीन खंडांत छापल्या गेल्या आणि त्यांपैकी दुसरा खंड केवळ सह्यांच्या प्रतिमांचा आहे. मजकूर फिरवणारे लोक छापील नाव पाहून थांबतात. खरा पुरावा त्या प्रतिमांत आहे.

जावयाच्या घराण्यातील सर्वांत जुना ज्ञात पुरुष ‘जॉर्ज मिलर’. त्याने 1780 च्या दशकात मृत्युपत्र केले. कुटुंबातील एका नातलगाने फार पूर्वी त्याचा संबंध यादीतील पहिल्याच योहान गेऑर्ग म्युलरशी जोडून टाकला होता. योहान गेऑर्ग म्युलर हे नाव त्या काळात किती सामान्य होते ते सांगण्याची गरज नाही. नुसत्या नावावरून जोडलेला हा बादरायण संबंध होता. आम्ही प्रथम कोर्टाच्या वहीतील मृत्युपत्र पाहिले आणि तेथील सहीवरून काही ठरवणार, तेवढ्यात लक्षात आले की ती वही कारकुनाने केलेली नक्कल आहे, तेव्हा सहीही त्याच्याच हातची. मूळ कागद मागवला. इंग्रजी मजकुराच्या खाली, किंचित थरथरलेल्या पण सरावाच्या हाताने, ‘गेऑर्ग म्युलर’ असे कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत लिहिलेले होते. मोडी वाचणाऱ्याला ही लिपी पाहून ओळखीचे वाटेल: हात न उचलता ओढलेली अक्षरे, ‘एन’सारखा दिसणारा ‘ई’, आणि ‘यू’ वेगळा कळावा म्हणून त्याच्या डोक्यावर काढलेली छोटी वक्र रेघ.

मग ती सही घेऊन आम्ही याद्यांकडे परतलो. नातलगाने निवडलेल्या माणसाला लिहिता येत नव्हते. कारकुनाने त्याचे नाव लिहिले होते आणि नाव व आडनाव यांच्या मधोमध त्याने आपली खूण केली होती. म्हातारपणी आजारी माणूस सही सोडून खुणेवर येऊ शकतो, हे अनेक मृत्युपत्रांत दिसते. पण तरुणपणी खूण करणारा माणूस म्हातारपणी असा सरावाचा हात दाखवील, हे संभवत नाही. तेवढ्यावर तो गळला. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे: खूण नसलेले प्रत्येक नाव ही सहीच असते असे नाही, कारण काही नावे एकाच हातची, म्हणजे दुसऱ्याच कोणी लिहिलेली दिसतात. एका खाली एक आलेल्या चार-पाच ‘सह्यां’चे वळण सारखे असेल तर त्यांतून काही सिद्ध होत नाही.

नावांबाबत आणखी एक फसगत आहे. त्या काळच्या जर्मन मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी बहुधा दोन नावे मिळत आणि हाक मारण्याचे नाव दुसरे असे. योहान गेऑर्ग, योहान पेटर, योहान याकोब हे तिघे सख्खे भाऊ असू शकतात आणि घरात ते गेऑर्ग, पेटर आणि याकोब असतात. पुढे इंग्रजी कागदांत ते जॉर्ज, पीटर, जेकब होतात. त्यांना ‘जॉन’ म्हणून शोधणारा चुकीच्या घरात शिरतो. ‘जॉन’ व्हायचा तो योहानेस, योहान गेऑर्ग नव्हे.

कारकुनाने आडनाव बदलल्याची गोष्ट तिसरी. न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंडच्या ठाण्यावर अधिकारी येणाऱ्यांची नावे बदलत, अशी जी दंतकथा आहे तिची ही मागे ओढलेली सावली आहे. एलिस आयलंडचे ठाणे 1892 मध्ये उघडले, आणि तेथेही अधिकारी जहाज कंपनीकडून आलेली यादीच तपासत, नवी नावे ठेवत नसत. अठराव्या शतकातील फिलाडेल्फियात तर उतारूला असे कोणतेही ओळखपत्र मिळत नव्हते की ज्यावरील नाव त्याला पुढे जन्मभर बाळगावे लागावे. आडनाव बदलले ते नंतर, हळूहळू, जमिनीच्या खतांत, करयाद्यांत, शेजाऱ्यांच्या तोंडी. आणि एकाच माणसाचे नाव जर्मन चर्चच्या वहीत एक आणि काउंटीच्या कचेरीत दुसरे असे वर्षानुवर्षे चाललेले दिसते.

किंबहुना कित्येक आडनावे बदललीच नाहीत, ती फक्त उच्चाराप्रमाणे लिहिली गेली. पॅलाटिनेटच्या बोलीत ‘म्यु’मधील ओठ गोल करून काढायचा स्वर सपाट होतो, त्यामुळे तेथील म्युलर स्वतःला ‘मिलर’च म्हणवत असे, इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले. त्याच बोलीत दोन स्वरांमधला ‘ब’ मऊ पडून ‘व’कडे झुकतो. 1738 मध्ये आलेल्या आंद्रेआस हूबरच्या वंशात पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर झाले, ते आडनाव याच वाटेने तेथवर आले. ज्याला भ्रष्ट रूप समजून आपण हळहळतो, तेच पूर्वजाच्या तोंडचा आवाज जपून ठेवते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्सिमरमानचा ‘कार्पेंटर’ किंवा क्योनिगचा ‘किंग’ अशी सरळ भाषांतरेही झाली, पण ती कुटुंबांनी केली, आणि कधी एका भावाने केली व दुसऱ्याने केली नाही.

‘पॅलाटाइन’ आणि ‘डच’ यांचा निकाल लवकर लागतो. 1709 मध्ये ऱ्हाईनकाठचे हजारो निर्वासित लंडनमध्ये येऊन पडले तेव्हापासून इंग्रजांनी ‘पॅलाटाइन’ हा शब्द दक्षिण जर्मन भाषकांसाठी सरसकट वापरला. त्यांत वुर्टेम्बर्गचे, बाडेनचे, आल्सेसचे आणि हेसचे लोकही होते. ‘डच’ हा शब्दही तेव्हाच्या इंग्रजीत जर्मनांना चालत असे, आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मन आपल्या बोलीला ‘डाइच’ म्हणत. जहाज रॉटरडॅमहून सुटले याचा अर्थ एवढाच की ऱ्हाईन नदी तेथे समुद्राला मिळते. यादीवरून मूळ गाव मिळत नाही ते अन्यत्र मिळते: क्रिस्टोफ साउअरने 1739 मध्ये जर्मनटाउनला सुरू केलेल्या वृत्तपत्रात भावाबहिणींचा शोध घेणाऱ्या जाहिराती येत आणि त्यांत गावाचे नाव असे, काही पाद्री मृत्यूच्या नोंदीत जन्मगाव लिहून ठेवत. 1740 च्या नागरिकत्वाच्या कायद्याने सात वर्षांचे वास्तव्य आणि शपथेआधीच्या तीन महिन्यांत प्रॉटेस्टंट चर्चमध्ये घेतलेला प्रभुभोजनाचा विधी या अटी घातल्या. नागरिकत्वाच्या काही याद्यांत त्या विधीची तारीखही आहे, आणि तिच्यावरून माणूस कोणत्या मंडळीचा, म्हणजे पुढे कोणती वही उघडायची, याचा अंदाज बांधता येतो. तारखा जुळवताना मात्र 1752 लक्षात ठेवावे लागते: ब्रिटिश वसाहतींनी त्या वर्षी 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर मोजला, तर जर्मनीतील प्रॉटेस्टंट राज्यांनी नवे कॅलेंडर 1700 मध्येच स्वीकारले होते. त्याआधीच्या इंग्रजी तारखेत आणि जर्मन तारखेत 11 दिवसांची तफावत दिसली तर ती चूक नसते.

राहिले जळालेल्या दफ्तरांचे. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात आणि नंतर फ्रेंच सैन्याने 1689 मध्ये श्पायर व वोर्म्स जाळले तेव्हा पुष्कळ कागद नष्ट झाले, हे खरे आहे. परंतु 1730 ते 1754 या काळात समुद्र ओलांडणारा तरुण सामान्यतः 1700 नंतर जन्मलेला असतो, आणि त्या काळातील असंख्य गावांच्या वह्या सुरक्षित असून कित्येक आता संगणकावर घरबसल्या वाचता येतात. शिवाय चर्चची वही हे एकमेव साधन नव्हे. अनेक प्रदेशांत रयत राजाच्या ताब्यातील वेठबिगार कूळ मानली जाई; सुटकेचा दाखला आणि नेत असलेल्या मालमत्तेचा दहावा हिस्सा भरल्याखेरीज कायदेशीरपणे निघता येत नसे, आणि जेथे पैसा वसूल होतो तेथे कागद राहतो. वुर्टेम्बर्गमध्ये मृत्यूनंतर मालमत्तेची मोजदाद होई आणि तीत ‘पेनसिल्व्हेनियात आहे’ असा शेरा मारून गेलेल्या मुलाचा वाटा लिहिला जाई.

आमच्या म्युलरचे गाव शेवटी सापडले ते त्याच्या नावावरून नव्हे. 1749 च्या एका यादीत त्याच्या सहीखाली दुसऱ्याच ओळीवर एक बरेच विरळ आडनाव होते, आणि बर्क्स काउंटीत त्याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तोच माणूस उभा होता. त्या विरळ आडनावाच्या मागे गेल्यावर नैऋत्य जर्मनीतील क्राइखगाउ या भागातले एक गाव हाती आले. गावच्या वहीत योहान गेऑर्ग म्युलर दोन निघाले, चार वर्षांच्या अंतराने जन्मलेले. बाप्तिस्म्याची नोंद मिळाली की काम संपले असे मानण्याचा मोह येथे फार होतो. पण दफनाची वही पाहिल्यावर त्यांपैकी पहिला तिसऱ्या वर्षीच गेल्याचे दिसले. दुसऱ्याचे दफन नाही, लग्न नाही, आणि 1749 नंतर त्या गावात त्याचे नावच नाही. जावयाने वंशवृक्षात ते नाव लिहिले आहे, पण अजून पेन्सिलीने. सुटकेच्या दाखल्यांची दफ्तरे कार्ल्सरूहच्या अभिलेखागारात आहेत आणि ती पाहायची राहिली आहेत.