जिप्सी फूटभर लांब करायचा सल्ला आणि त्याचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की सातपुड्यात गाड्या घालणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश पुन्हा फिरू लागतो. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत तो पोहोचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मारुती जिप्सी आखूड आहे, चढावर पुढून हलकी होते, मागे माणसं मावत नाहीत, तेव्हा चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मधून कापा आणि फूटभराचा तुकडा जोडा. कंपन्याही आता तेच करतात. वेल्डिंग मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतं, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा शाफ्ट लेथवाला वाढवून देतो, आणि आरटीओत कुणी टेप घेऊन मोजत नाही.

यातली चढाची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीचं वाचून मला काळजी वाटते, कारण अशा गाड्या नुसत्या हौसेला राहत नाहीत. त्यांत नंतर माणसं बसतात. कुणी तोरणमाळला पाहुणे नेतो, कुणी दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला धडगावकडे भाविक नेतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

‘कंपन्याही तेच करतात.’ लांब गाड्या कंपन्यांनी काढल्या, हे खरं. सुझुकीच्या तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २२५० मिमी आहे, पाच दारांच्या जिम्नीचा २५९०. महिंद्राच्या २०२० च्या थारचा २४५०, तर २०२४ च्या थार रॉक्सचा २८५०. पण यातली एकही गाडी तयार चेसिस करवतीने कापून झालेली नाही. नव्या लांबीसाठी चेसिस, पाटे किंवा स्प्रिंग, ब्रेक, शाफ्ट, सगळ्याचा हिशेब पुन्हा मांडला गेला आणि मग गाडी चाचणीला उभी राहिली. इतकं करूनही लांबीची किंमत चुकली नाही. जिम्नीचा ब्रेकओव्हर कोन, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडायची ताकद, २८ अंशांवरून २४ वर आला.

आणखी एक गोष्ट त्या संदेशात कुठेच नाही. सुझुकीच्या एसजे मालिकेतली खरी आखूड गाडी २०३० मिमी व्हीलबेसची होती. आपल्याकडे १९८५ पासून आलेली जिप्सी ही त्याच मालिकेतली लांब गाडी, २३७५ मिमीची. जे साडेतीनशे मिमी कारखान्याने आधीच वाढवून दिलेत, त्यावर आपण ग्राइंडरने आणखी तीनशे वाढवायला निघालोय. आखूड गाडी पाहायचीच असेल तर खळ्यात उभी असलेली एखादी जुनी सीजे-३बी जीप पाहा: ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी.

‘लांब गाडी चढ चांगला चढते.’ अर्धं खरं ते हेच. चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं. किती सरकतं, ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चढाचा कोन यांवर ठरतं, आणि त्याला व्हीलबेसने भाग जातो. माणसांसह गाडी १२०० किलोची धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर आणि चढ ३० अंशांचा. २३७५ मिमीवर सुमारे १७७ किलो मागे जातात, २६७५ वर १५७. फायदा वीस किलोंचा झाला. तो नाकारायचं कारण नाही. मात्र पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका तो आहे, आणि त्यासाठी गाडी कापायची आहे, हेही लक्षात असू द्या.

आता दुसरी बाजू. पोटाखाली २१० मिमी जागा धरली आणि टायरची गोलाई हिशेबातून सोडली, तर आजच्या व्हीलबेसला ब्रेकओव्हर कोन साधारण २० अंश येतो. फूटभर लांबवलं की तो १८ च्या आत जातो. आपल्या भागात पोट टेकतं ते शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठावर, आणि पावसानंतर काळ्या मातीत ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर. काळी माती ओली असताना गाडी पोटावर बसली की चारही चाकं फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही. गेलेला कोन परत मिळवायला गाडी २६–२७ मिमी उचलावी लागते. उचलली की गुरुत्वमध्यही वर जातो, आणि चढावर मिळालेल्या वीस किलोंतले सहा तिथेच जातात.

वळणाचंही तसंच. चाकं तितकीच वळत असतील तर वळणाची त्रिज्या व्हीलबेसच्या प्रमाणात वाढते, इथे साडेबारा टक्क्यांहून थोडी जास्त. साडेपाच मीटरांत वळणारी गाडी सहा मीटर वीस सेंटीमीटरला जाते. सपाट रस्त्यावर हे जाणवणारही नाही. सातपुड्यातल्या अरुंद वळणावर, एका अंगाला दरी असताना, एका दमात निघणारी गाडी मागे घेऊन दोन दमांत काढावी लागते. उतारावर भरलेली गाडी मागे घेणं काय असतं, ते ज्याने केलंय त्याला सांगायला नको.

‘वेल्डिंग मूळ लोखंडापेक्षा मजबूत असतं.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं, म्हणून इथे जरा थांबतो. वेल्डिंगचा भरलेला धातू मजबूत असू शकतो. चेसिस तिथे तुटत नाहीच. ती तुटते वेल्डिंगच्या काठाला, जिथे उष्णतेने लोखंडाचा मूळ पोत बदललेला असतो. एकदाच जोर लावून ओढलं तर असा जोड टिकेलही. पण चेसिसवर जोर एकदा येत नाही, खडबडीत रस्त्यावर तो हजारो वेळा येतो आणि जातो. अशा येत्या-जात्या ताणाला वेल्डिंगचा जोड न कापलेल्या लोखंडापेक्षा खूप आधी थकतो. आधी केसाएवढी चीर पडते, रंगाखाली ती दिसत नाही, आणि एक दिवस भरल्या गाडीत ती चेसिसच्या खालच्या पट्टीतून वर चालू लागते.

त्यात जागाही वाईट निवडलेली. दोन्ही एक्सलवर टेकलेल्या चेसिसला वाकवणारा जोर मधल्या भागात मोठा असतो, आणि संदेश कापायला सांगतो तेही मध्येच. तेवढ्याच भाराला वाकवणारा जोर लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण चेसिसचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी १२.६ टक्के वाढली की वाक सुमारे ४३ टक्के वाढतो. शिवाय एक पुढचं आणि समोरच्या कोपऱ्यातलं मागचं चाक अधांतरी असताना चेसिसला पीळ बसतो, तो वेगळाच. लांब झालेल्या मागच्या जागेत दोन माणसं जास्त बसली, की भारही तेवढाच राहत नाही. तुकडा भरून वरून चौकोनी पट्टी आडवी शिवली, तर जोर त्या पट्टीच्या टोकाला गोळा होतो आणि चीर तिथून सुरू होते. जाणकार कारागीर चेसिसची वरची आणि खालची पट्टी एकाच रेषेत कापत नाही, पायरीने कापतो. आतून बसवलेल्या पट्टीची टोकं निमुळती ठेवतो, खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग टाकत नाही, आणि कापण्याआधी चेसिस जिगमध्ये, म्हणजे ती हलू न देणाऱ्या साच्यात, आवळून कोपऱ्या-कोपऱ्यातले कर्ण मोजतो. दोन विटांवर टेकवून दोन दिवसांत गाडी देणाऱ्याकडे यातलं काहीच होत नाही.

‘शाफ्ट लेथवाला वाढवून देतो.’ देतो, आणि लांब शाफ्टचा एक फायदाही आहे: गाडी उचललेली असेल तर क्रॉसवरचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या फिरत्या सांध्यावरचा, कोन कमी होतो. पण शाफ्टची नळी तीच ठेवून लांबी वाढवली, तर तो ज्या फेऱ्यांवर भिरभिरू लागतो ती मर्यादा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात खाली येते. ७० सेंमीचा शाफ्ट एक मीटरचा केला की मर्यादा निम्म्यावर. जिप्सीच्या वेगाला ती लगेच गाठली जाईल असं नाही. रोजचा त्रास येतो दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत न जुळल्याने आणि बॅलन्सिंग न केल्याने. गाडी थरथरते, क्रॉस वारंवार जातात, मग ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) बेअरिंग आणि सील. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, वायरिंग, पेट्रोलची लाइन हे सगळंही फूटभर वाढवावं लागतं, याचा तर संदेशात उल्लेखच नाही. ब्रेकची नळी मध्ये रबराचा तुकडा घालून जोडणं, हे तर कुणीही करू नये.

‘आरटीओत कुणी मोजत नाही.’ मोजायची गरजच नाही, व्हीलबेस नोंदणीतच लिहिलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच १८, १९ आणि ३९, तिन्हींना हाच कायदा लागू आहे. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून तुमच्या गाडीची भरपाई नाकारू शकते. मागे बसलेल्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल.

म्हणून ज्याला माणसं बसवायची आहेत त्याने लांब गाडी घ्यावी, जुनी का असेना. लांबवलेली गाडी शोभते ती फक्त स्पर्धेत, बंद मैदानात, ट्रेलरवर नेऊन. तिथे करायचीच असेल तर ग्राइंडरच्या आधी भुईकाटा गाठा. कापसाच्या आणि केळीच्या गाड्या मोजणारे काटे आपल्याकडे जागोजागी आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकीने मागचं वजन मिळेल. काटा दहा-वीस किलोंनी पुढेमागे दाखवेल, तेवढं चालतं. मग मधे कापण्याऐवजी मागचा एक्सल पाटे अडकवलेल्या हँगरसह मागे सरकवता येतो का ते पाहा. मधली चेसिस अखंड राहते आणि मागून उतरतानाचा कोन सुधारतो. बदल्यात मागच्या चाकांवरचा भार थोडा पुढे जातो: पुढे ५५ आणि मागे ४५ टक्के असलेली जिप्सी १०० मिमीने वाढवली की मागे सुमारे ४३ टक्के उरतात. शाफ्ट, ब्रेकची नळी आणि चाकाची कमान इथेही बदलावी लागतेच. या १०० मिमीवर चढ, बांध आणि वळण तिन्ही मैदानात तपासून पाहा, आणि वळणात चाक घासतंय का ते पूर्ण स्टेअरिंग वळवून, गाडी भरलेली असताना बघा.