‘एकही उंदीर मेला नाही’ म्हणजे अर्क सुरक्षित, असं नव्हे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. वनौषधींचे अर्क नैसर्गिक, म्हणून त्यांना दुष्परिणाम नसतात. हजारो वर्षांचा वापर हीच सगळ्यात मोठी चाचणी. प्रयोगशाळेत किलोमागे 2000 मिलिग्रॅम अर्क देऊनही एकही उंदीर मेला नाही, तेव्हा 60 किलोच्या माणसानं रोज 120 ग्रॅम घेतला तरी चालेल. कुठल्याही गोळ्यांबरोबर घ्या. सुरुवातीला खाज सुटली, मळमळलं तर घाबरू नका, शरीरातली विषं बाहेर पडताहेत. पुराव्यादाखल खाली एका चाचणी अहवालाचा फोटो. आमच्या आत्यानं तो पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘उद्यापासून सुरू करते.’ ती रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेते. म्हणून हे आजच लिहायला हवं.

आधी उंदरांचं बघू, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

हा 2000 चा आकडा येतो ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ठरवून दिलेल्या 423 क्रमांकाच्या चाचणीतून. तिची पद्धत अशी. तीन रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, घ्यायचे, बहुधा माद्या. रात्रभर उपाशी ठेवायचे, पाणी मात्र द्यायचं. सकाळी वजन करून अर्क नळीनं थेट पोटात सोडायचा. एकदाच. पहिला अर्धा तास नीट लक्ष ठेवायचं, पहिले चार तास विशेष काळजीनं, पुढे चोवीस तास अधूनमधून आणि नंतर 14 दिवस रोज बघायचं. वजन आठवड्यातून किमान एकदा. तिन्ही जगले तर आणखी तिघांवर तेच. शेवटी प्राणी उघडून अवयव डोळ्यांनी बघायचे. यकृत-किडनीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची सक्ती या चाचणीत नाही. एकूण सहा प्राणी, एक मात्रा, दोन आठवडे. पदार्थाला धोक्याच्या कुठल्या वर्गात टाकायचं, एवढं ठरवण्यासाठी ही चाचणी आहे. एकदाच दिलेल्या मात्रेनं दोन आठवड्यांत मरण येतं का, याच्यापलीकडे ती काही सांगत नाही. रोज सहा महिने घेतल्यावर काय होईल, हे तिला कुणी विचारलेलंच नाही.

शिवाय सहापैकी शून्य मेले, हा आकडा दिसतो तेवढा भक्कम नाही. त्या मात्रेला खरा मृत्युदर 39 टक्क्यांपर्यंत असला, तरी सहाच्या सहा जगण्याची शक्यता पाच टक्के उरते. ज्या इजा हजारात एखाद्यालाच होतात, त्या इथं दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

आता हीच फूटपट्टी एका सिद्ध झालेल्या विषाला लावून बघा. अरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींत, आपल्याकडची ईश्वरी त्यातलीच, अरिस्टोलोकिक आम्ल असतं. या शुद्ध आम्लाची तोंडावाटे मारक मात्रा रॅटमध्ये किलोला सुमारे 200 मिलिग्रॅम आहे. समजा एखाद्या अर्कात ते अर्धा टक्का आहे. किलोमागे 2000 मिलिग्रॅम अर्कातून रॅटच्या पोटात जाईल किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे मारक मात्रेचा विसावा हिस्सा. सगळे रॅट चौदा दिवस खाऊनपिऊन जगतील आणि अहवालात ‘मृत्यू शून्य’ असं लिहिलं जाईल. पण हेच 10 मिलिग्रॅम रोज तीन महिने दिलं, तर रॅटच्या जठरात कॅन्सरच्या गाठी उठतात. हा प्रयोग 1980 च्या दशकातच झालेला आहे. मेसेजमधली कसोटी खरी मानली, तर हे विषसुद्धा ‘सुरक्षित’ ठरतं.

माणसांत काय झालं, तेही नोंदलेलं आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी मुळीऐवजी तिच्याशी मिळत्याजुळत्या चिनी नावाची दुसरी मुळी गेली. ती अरिस्टोलोकिया होती. शंभरहून जास्त जणांच्या किडन्यांना इजा झाली, त्यात बहुतेक बायका. ज्यांच्या किडन्या पूर्ण निकामी झाल्या होत्या, अशा 39 जणांनी पुढचा धोका टाळायला त्या आणि मूत्रवाहिन्या काढून घेतल्या. त्यातल्या 18 जणांना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2000 साली हे छापून आलं. ज्यांच्या पोटात ती मुळी एकूण 200 ग्रॅमहून जास्त गेली होती, त्यांना धोका जास्त होता. एका घोटाचं हे काम नाही, थोडं थोडं साचत गेलेल्या मात्रेचं आहे. वनौषधींच्या सुरक्षिततेबद्दल एकच शोधनिबंध वाचायचा असेल तर हा वाचा.

आता ते 120 ग्रॅमचं गणित. 2000 ला 60 नं गुणणं ही साधी चूक आहे. एक तर रॅटची मात्रा माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही, ती 6.2 नं भागावी लागते. दुसरं म्हणजे सुरुवात ‘मेला नाही’ या मात्रेपासून करायचीच नसते. जी मात्रा रोज देऊनही रक्तात, लघवीत, अवयवांच्या कापांत कसलाच अनिष्ट परिणाम दिसला नाही, तिथून करायची. समजा 90 दिवसांच्या चाचणीत ती मात्रा किलोला 300 मिलिग्रॅम आली. 6.2 नं भागल्यावर सुमारे 48, सुरक्षिततेसाठी आणखी दहानं भागल्यावर 4.8. 60 किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे 290 मिलिग्रॅम. मेसेज सांगतो त्याच्या चारशे पटींनी कमी.

ही 90 दिवसांची चाचणी म्हणजे ओईसीडी 408: किमान तीन मात्रा आणि एक गट बिनाअर्काचा, प्रत्येक गटात दहा नर, दहा माद्या. ती महाग पडते आणि वेळखाऊ आहे, म्हणून बरेच जण 423 वरच थांबतात. जोडीला जिवाणूंवर करायची एम्स चाचणी हवी, म्हणजे अर्क जनुकांत बिघाड करतो का ते कळतं. यकृताच्या एन्झाइमांचं मिश्रण घालून एकदा आणि न घालता एकदा, अशी ती दोन्ही प्रकारे करावी लागते, कारण काही द्रव्यं मूळ रूपात निरुपद्रवी असतात आणि यकृतातून गेल्यावर विषारी होतात. या चाचणीतल्या जिवाणूंना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही; ते वाढले, की जनुकांत बिघाड झाला असं धरतात. वनस्पतींच्या अर्कात इथं एक अडचण येते. अर्कात हिस्टिडिन असेल तर जिवाणू त्याच्यावरच पोसून वाढतात आणि बिघाड नसताना बिघाड दिसतो. करणाऱ्याला हे माहीत नसेल तर निकाल उलटाच वाचला जातो.

‘यकृताच्या पेशींवरही सुरक्षित’ असं एक वाक्य मेसेजमध्ये मध्येच आहे. पेशी जिवंत असल्या की पिवळा एमटीटी रंग जांभळा होतो, त्यावरून हे ठरवतात. पण पॉलिफिनॉल ही वनस्पतींतली द्रव्यं भरपूर असलेला अर्क पेशी नसतानाही तोच रंग जांभळा करतो. नुसता अर्क आणि रंग घातलेली एक रांग प्लेटमध्ये ठेवली नसेल, तर मेलेल्या पेशीही जिवंत म्हणून मोजल्या जातात. त्यात अशा चाचणीत नेहमी वापरतात त्या हेपजी2 या यकृताच्या पेशींमध्ये औषधं पचवणारी एन्झाइमं फारच कमी असतात, त्यामुळे यकृतात गेल्यावर विषारी होणारी द्रव्यं त्यांच्यात निसटून जातात.

आता तो फोटो मोठा करून बघा. नमुन्यापुढे लिहिलंय ‘हर्बल अर्क, तपकिरी भुकटी’. शास्त्रीय नाव नाही, मूळ की पान ते नाही. पाण्यात काढला, अल्कोहोलमध्ये की हेक्झेनमध्ये, ते नाही. किती किलो वाळल्या मालातून एक किलो अर्क निघाला, ते नाही. बॅच क्रमांक नाही. शिसं, कॅडमियम, अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष, उरलेला विद्रावक यांचा एकही आकडा नाही. एका बॅचचा अहवाल दुसऱ्या बॅचलाही आपोआप लागू होत नाही. इथं तर कुठली बॅच तपासली तेच माहीत नाही.

हजारो वर्षांच्या वापरात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. खाल्ल्या खाल्ल्या उलट्या, झटके, मृत्यू आणणाऱ्या वनस्पती लोकांनी अनुभवानं बाजूला काढल्याच. युरोपीय संघाचे नियमही 30 वर्षांच्या वापराला, त्यातली 15 वर्षं संघातच, पुरावा मानतात. पण तो पुरावा त्याच तयारीपुरता आणि त्याच मात्रेपुरता असतो. वीस वर्षांनी उठणारी गाठ कुठल्या मुळीमुळे उठली, हे अनुभवातून कुणालाच कळलं नसतं. ग्रीन टी बघा. पेल्यातला चहा सर्वसाधारणपणे सुरक्षित, पण त्यातलंच ईजीसीजी हे द्रव्य अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर यकृताला इजा झाल्याची खूण असलेली रक्तातली एन्झाइमं वाढतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2018 मध्ये नोंदवलं. वनस्पती तीच, पण अर्क केला की प्रकरण बदलतं. हळदीचंही तेच. हळदीतल्या 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं, की रक्तात पोचणारं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं. हीच जोडी गोळ्यांची जाहिरात म्हणून वापरतात.

‘नैसर्गिक’ या शब्दावर वेळ घालवत नाही. अरिस्टोलोकियाही नैसर्गिकच आहे.

‘कुठल्याही गोळ्यांबरोबर घ्या’ हे मात्र जिवावर बेतू शकतं. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीनं यकृतातली औषध पचवणारी एन्झाइमं वाढतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम त्यामुळे घटतो आणि गुठळीचा धोका वाढतो. हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांत, नवा अवयव शरीरानं नाकारू नये म्हणून देतात त्या सायक्लोस्पोरिनची पातळी पडली आणि शरीरानं नवं हृदय नाकारायला सुरुवात केली, ही नोंद 2000 सालची. उलट बाजूनं, काही अर्क रक्तस्राव वाढवतात. आत्यासारख्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी, केल्याशिवाय असं काहीही सुरू करू नये.

राहिली खाज. अर्क सुरू केल्यावर खाज, गडद लघवी, पिवळे डोळे, अन्नावरची वासना जाणं ही यकृताला इजा होत असल्याची लक्षणं असू शकतात. त्यात कसलीही विषं बाहेर पडत नसतात. औषधामुळे यकृताला इजा होऊन रक्तातलं एएलटी हे यकृताचं एन्झाइम नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट आणि कावीळ दाखवणारं बिलिरुबिन दुपटीच्या वर गेलं, तर अशा रुग्णांत दहातला एक दगावू शकतो. म्हणून त्याच दिवशी अर्क बंद करा आणि एएलटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन तपासून घ्या. बरं वाटल्यावर ‘खरंच त्यानंच झालं का’ हे बघायला पुन्हा घेऊ नका, दुसऱ्या खेपेला इजा जास्त लवकर आणि जास्त गंभीर होऊ शकते. आणि डबा फेकू नका. लेबल आणि बॅच क्रमांकासकट तो डॉक्टरांकडे न्या, कारण आत नक्की काय होतं हे उरलेल्या भुकटीवरूनच तपासता येतं.