जीभ कुणाची घसरली ते आधी सांगा!

देवळाली कॅम्पच्या टपरीवर रोज तेच डोकं उठवणं. २०१७ ला भाजप पुरस्कृत आमदार प्रशांत परिचारक जवानांच्या बायकांबद्दल नको ते बरळले, विधान परिषदेतून निलंबित झाले, तेव्हा आमचे एक काका म्हणे, "अहो, घसरते जीभ!" २०२२ ला राहुल गांधी म्हणाले, चिनी आपल्या जवानांना मारहाण करतायत, तर हेच काका ग्लास आपटून, "देशद्रोही!" २०२५ ला मध्य प्रदेशचे भाजप मंत्री विजय शहा कर्नल सोफिया कुरेशींवर घसरले, हायकोर्टाने स्वतःहून गुन्हा नोंदवायला लावला. काका? चहात पडलेलं बिस्कीट चमच्याने काढत बसले. आणि समोरचे दादा, २०२२ ला "संदर्भ बघा" म्हणणारे, आता लालेलाल! (संदर्भ कुठे गेला, दादा?) शेजारी तोफखान्याचा फौजी सुट्टे मोजत उभा. त्याला बाकड्यावर सरकून जागा द्यायचंही कुणाला सुचत नाही.